तिसरा साक्षीदार

सोनाराच्या दुकानात एखादा दागिना मोडीसाठी आला, तर सोनार त्याच्या चकाकीवर विसंबत नाही. तो एक काळा गुळगुळीत दगड पुढे घेतो, त्यावर दागिना घासून रेघ उमटवतो आणि त्या रेघेवरून सोन्याचा कस ठरवितो. त्या दगडालाच कसोटी म्हणतात. दागिना राजवाड्यातून आलेला असो वा झोपडीतून, कसोटीला त्याचे सोयरसुतक नसते. विज्ञानाची रीत अशीच आहे. सिद्धांत कितीही थोर पुरुषाने मांडलेला असो, निसर्गाच्या कसोटीवर घासल्यावाचून तो मान्य होत नाही. आणि एकदा उतरला म्हणून त्याची परीक्षा कायमची संपतही नाही.

गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची कथा याची उत्तम साक्ष देते.

झाडावरचे फळ खाली पडते आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच ओढ आहे, असे आयझॅक न्यूटन याने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. न्यूटनचे नियम दोन शतकांहून अधिक काळ कसाला उतरले. त्यांच्याच आधारे गणित मांडून १८४६ साली नेपच्यून हा ग्रह शोधण्यात आला. परंतु बुध ग्रहाने मात्र थोडी अडचण उभी केली. बुधाच्या कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकतो. इतर ग्रहांच्या ओढीचा सारा हिशेब केला, तरी दर शतकामागे ४३ विकला एवढे सरकणे शिल्लक राही. एका अंशाचे ३६०० भाग केले असता त्यांतील एका भागास विकला म्हणतात. एवढा सूक्ष्म फरक दुसऱ्या कोणी सोडूनही दिला असता. ज्योतिर्विदांनी तो सोडला नाही.

१९१५ च्या नोव्हेंबर महिन्यात अल्बर्ट आइन्स्टाइन याने या फरकाचे कारण सांगितले. त्यासाठी त्याने गुरुत्वाकर्षणाची कल्पनाच नव्याने मांडली. चौघांनी चार कोपऱ्यांना ताणून धरलेल्या कापडावर जड गोटा ठेवला, तर कापडाला खळगा पडतो. आणि जवळून सोडलेली गोटी त्या खळग्याच्या बाजूने वळते. गोटा गोटीला दोरीने ओढीत नाही. वाटच वाकडी झालेली असते. आइन्स्टाइनच्या मते सूर्यासारखे जड पिंड आपल्या भोवतीच्या अवकाशाला आणि काळालाही असाच बाक देतात, आणि ग्रह त्या बाकाला अनुसरून चालतात. यालाच व्यापक सापेक्षता सिद्धांत म्हणतात. बुधाच्या ४३ विकलांचा हिशेब या सिद्धांताने चोख लागला. पुढे २९ मे १९१९ रोजी खग्रास सूर्यग्रहण लागले. त्या दिवशी ब्राझीलमधील सोब्राल येथून आणि आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रिन्सिपे बेटावरून ताऱ्यांची छायाचित्रे घेण्यात आली. सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण आइन्स्टाइनने सांगितल्याप्रमाणे वाकलेले आढळले.

तरीही प्रश्न मिटला नाही. आइन्स्टाइनचा सिद्धांत खरा दिसतो. पण तोच एकमेव खरा कशावरून? १९६१ साली कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिकी या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाचा दुसरा एक सिद्धांत मांडला. इतरांनीही आणखी काही मांडले. सूर्यमालेपुरते पाहिले तर यांतील काही सिद्धांतांची उत्तरे आइन्स्टाइनच्या उत्तरांच्या इतकी जवळ येत, की त्यांतील फरक ओळखणे दुष्कर होते. दोन दागिने दिसावयास सारखे. मग खरा कोणता? त्यासाठी नवी कसोटी हवी होती.

ती कसोटी आइन्स्टाइनच्याच एका भाकितात दडलेली होती. १९१६ साली त्याने म्हटले होते, की जड पिंड वेगाने फिरू लागले, म्हणजे अवकाशात लहरी उठतात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने दूरवर पसरतात. या गुरुत्वीय लहरी होत. तळ्यात दगड टाकला असता पाणी हेलकावते; गुरुत्वीय लहर जाते तेव्हा मात्र अवकाशच ताणले व आकुंचित होते. आइन्स्टाइनप्रमाणे त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धीही अशा लहरी मानीत. मतभेद होता तो लहरीच्या रूपाविषयी.

लहरीचे रूप म्हणजे काय, हे दोरीवरून सहज कळते. खुंटीला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक हाती धरून ते वर-खाली हालविले, तर दोरीतून वर-खाली होणारी लाट जाते. टोक डावी-उजवीकडे हालविले, तर आडवी डोलणारी लाट जाते. दोन्ही लाटा खुंटीकडेच जातात, पण त्यांची हालण्याची तऱ्हा निराळी असते. लहरीच्या हालण्याच्या या तऱ्हेस ध्रुवीकरण असे नाव आहे.

आता पटांगणात मुले हात सोडून गोल रिंगण करून उभी आहेत आणि थेट डोक्यावरून एक प्रचंड गुरुत्वीय लहर खाली येत आहे, अशी कल्पना करावी. आइन्स्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे ते रिंगण पूर्व-पश्चिम लांबेल आणि त्याच वेळी दक्षिणोत्तर आखडेल. क्षणात उलट होऊन दक्षिणोत्तर लांबेल आणि पूर्व-पश्चिम आखडेल. हे झाले पहिले रूप. दुसऱ्या रूपात हेच लांबणे-आखडणे तिरप्या दिशांनी, म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य आणि वायव्य-आग्नेय असे होईल. आइन्स्टाइनच्या सिद्धांताला एवढी दोनच रूपे मान्य आहेत.

परंतु १९७३ साली काही शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले, की गुरुत्वाकर्षणाच्या निरनिराळ्या सिद्धांतांचा विचार केला, तर लहरीची एकंदर सहा रूपे संभवतात. तिसऱ्या रूपात सारे रिंगण एकदमच फुगते आणि एकदमच आक्रसते. जणू लोहाराचा भाताच चालला आहे. याला श्वसनरूप म्हणता येईल. ब्रान्स आणि डिकी यांच्या सिद्धांतात आइन्स्टाइनच्या दोन रूपांच्या जोडीला हे तिसरेही येते. चौथ्या रूपात लहर ज्या वाटेने चालते त्याच वाटेवर, पुढे-मागे ताण पडतो. उरलेली दोन रूपे कलती आहेत. सांधे सैल झालेली उभी चौकट जशी एका अंगाला कलते आणि पुन्हा दुसऱ्या अंगाला झुकते, तसे त्यांत अवकाश कलते.

म्हणजे कसोटी स्पष्ट झाली. लहर पकडावयाची आणि तिचे रूप पाहावयाचे. पहिल्या दोन रूपांखेरीज दुसरे रूप निश्चित आढळले, तर आइन्स्टाइनचा सिद्धांत अपुरा ठरणार होता. त्याच्या थोरवीचा येथे काही उपयोग नव्हता.

मात्र लहर पकडणे हेच महाकठीण काम होते. दूरच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेल्या असतात. त्यांच्यासाठी अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन ठिकाणी ‘लायगो’ नावाच्या वेधशाळा बांधण्यात आल्या. ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटर दूर आहेत. प्रत्येक ठिकाणी काटकोनात जोडलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत. लेसर प्रकाशाचा एक झोत दुभागून दोन्ही भुजांत सोडतात. टोकांच्या आरशांवरून परतलेले प्रकाश पुन्हा एकत्र आले, की त्यांच्या मेळावरून एक भुजा दुसरीपेक्षा किती लांबली वा आखडली, ते कळते. हा फरक प्रोटॉन या अतिसूक्ष्म कणाच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी या दोन्ही यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्यांची ती लहर होती. आइन्स्टाइनच्या भाकितानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी त्याची प्रचिती आली.

लहर मिळाली, पण तिचे रूप मात्र कळेना. याचे कारण मोठे मौजेचे होते. एका यंत्राला धक्का बसला, तर तो खरा कशावरून, अशी शंका येते. म्हणून दोन्ही यंत्रांना एकच गोष्ट जाणवावी या हेतूने त्यांच्या भुजा मुद्दाम जवळजवळ एकाच दिशांनी वळविल्या होत्या. त्यामुळे लहरीच्या खरेपणाची खात्री पटली. पण जे एकाने सांगितले, तेच दुसऱ्याने सांगितले. घराच्या एकाच बाजूला उभ्या राहिलेल्या दोघांना एकच भिंत दिसते. घराचा आकार कळावयास कोणी तरी दुसऱ्या बाजूला उभे राहावे लागते. लहरीच्या रूपाचा निवाडा करण्यासाठी निराळ्या दिशेने पाहणारा तिसरा साक्षीदार आवश्यक होता.

हा साक्षीदार इटलीत तयार होत होता. पीसा शहराजवळ काशिना येथे ‘व्हर्गो’ नावाची वेधशाळा आहे. तिच्या भुजा तीन किलोमीटर लांब असून त्यांच्या दिशा लायगोच्या भुजांहून भिन्न आहेत. तिच्या संस्थापकांपैकी आदाल्बेर्तो जाझोत्तो यांनी जमिनीची बारीकशी थरथरही आरशांपर्यंत पोहोचू नये म्हणून एकाखाली एक लंबक टांगण्याची योजना केली होती आणि तिच्यासाठी अनेक वर्षे वेचली होती. परंतु यंत्राची सुधारणा चालू असता आरसे टांगण्याचे काचेचे बारीक तंतू तुटू लागले. काम लांबणीवर पडले. लायगोचे निरीक्षणसत्र नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाले आणि २५ ऑगस्ट २०१७ रोजी ते संपावयाचे होते. तोवर यंत्र सज्ज झाले नाही, तर तिघांची एकत्र साक्ष घेण्याची संधी हुकणार होती. अखेर काचेच्या तंतूंऐवजी तूर्त पोलादी तारा लावण्याचे ठरले. त्यामुळे यंत्राची संवेदनक्षमता थोडी उणी होई, परंतु ते वेळेवर चालू होऊ शकत होते. १ ऑगस्ट २०१७ रोजी व्हर्गो निरीक्षणात सामील झाली. हाती चार आठवडेही उरले नव्हते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, इटलीत दुपारचे साडेबारा वाजले असता एक लहर पृथ्वीवरून गेली. ती प्रथम लिव्हिंग्स्टनला पोहोचली, सुमारे ८ सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला आणि त्यानंतर आणखी सुमारे ६ सहस्रांश सेकंदांनी व्हर्गोला. सुमारे १८० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एक झाली होती. तीन ठिकाणी पोहोचण्याच्या वेळांतील अंतरावरून लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, याचा अंदाज करता आला. त्या दिशेने आलेली लहर आइन्स्टाइनच्या रूपाची असेल, तर प्रत्येक यंत्राला किती जोराचा धक्का बसेल; श्वसनरूपाची असेल, तर किती; आणि कलत्या रूपाची असेल, तर किती, हे गणिताने काढता येते. प्रत्यक्ष नोंदी या हिशेबांशी ताडून पाहिल्या. आइन्स्टाइनच्या रूपाशी त्यांचा मेळ इतर दोहोंपेक्षा अधिक चांगला बसला. लहरीच्या रूपाविषयी निसर्गाकडून मिळालेली अशी ही पहिलीच साक्ष होती. मात्र लहरीचे उगमस्थान आकाशाच्या ज्या भागात होते, त्यात पौर्णिमेची सुमारे तीनशे चंद्रबिंबे मावली असती. दिशा अशी ढोबळ असल्याने निर्णयही ढोबळच राहिला.

परंतु निसर्गाने पुढची संधी फार लवकर दिली. तीनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, आणखी एक लहर आली. ही कृष्णविवरांची नव्हती. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून प्रकाशही बाहेर पडतो. लहरीपाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत एका उपग्रहाने टिपला. काही तासांतच चिलीमधील एका दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातील एका दीर्घिकेत नवा तेजोबिंदू दिसला. ती दीर्घिका सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. आता लहर कोठून आली, याविषयी अंदाजाची गरज उरली नाही. जागा डोळ्यांनीच दिसत होती.

त्या वेळी व्हर्गोने मात्र जवळजवळ मौनच धरले होते. अमेरिकेतील दोन्ही यंत्रांत लहर ठळकपणे उमटली असता व्हर्गोत ती जेमतेम उमटली. हा यंत्राचा दोष होता काय? नाही. प्रत्येक यंत्राच्या दृष्टीने आकाशात काही दिशा अशा असतात, की तिकडून आलेली आइन्स्टाइनच्या रूपाची लहर त्याच्या दोन्ही भुजांना सारखेच ताणते. भुजांत फरकच पडला नाही, तर यंत्र दाखविणार काय? तो तेजोबिंदू व्हर्गोच्या अशाच एका दिशेच्या जवळ होता. लहर निराळ्या रूपाची असती, तर तिन्ही यंत्रांतील धक्क्यांचे परस्परप्रमाण निराळे आले असते. अशा रीतीने बोलणाऱ्या दोघांइतकीच गप्प राहिलेल्या तिसऱ्याची साक्षही मोलाची ठरली. या निरीक्षणाचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. निव्वळ श्वसनासारख्या वा निव्वळ कलत्या रूपाच्या लहरीपेक्षा आइन्स्टाइनच्या रूपाची लहर या नोंदींशी किती पटींनी अधिक जुळते, याचे उत्तर एकावर वीस शून्ये मांडून होणाऱ्या संख्येहूनही मोठे आले.

त्याच लहरीने दुसरीही एक कसोटी लावली. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासानंतर लहर आणि किरण यांच्या पोहोचण्यात दोन सेकंदांचेही अंतर पडले नाही. म्हणजे दोघांचा वेग सारखाच. गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा मानणारे कित्येक सिद्धांत त्या एका दिवसाने निकालात काढले. व्हर्गोचे जाझोत्तो हे सारे पाहू शकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

मग परीक्षा संपली काय? अद्याप नाही. लहर निव्वळ श्वसनरूपाची किंवा निव्वळ कलत्या रूपाची नाही, एवढे सिद्ध झाले. पण आइन्स्टाइनच्या दोन रूपांत श्वसनरूपाची किंचित भेसळ असेल तर? ब्रान्स आणि डिकी यांच्यासारख्या सिद्धांतांत तसेच घडावे लागते. भरपूर सोन्यात चिमूटभर तांबे असले, तर ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ही भेसळ शोधण्यास तीन साक्षीदार पुरे पडत नाहीत. सहा रूपांपैकी दोन रूपे अशा काटकोनी यंत्रांना एकसारखीच भासतात. म्हणून ओळखता येण्याजोगी रूपे पाच राहतात, आणि एखाद्या क्षणिक लहरीतील ही पाचही वेगळी करण्यास निरनिराळ्या दिशांना वळलेली किमान पाच यंत्रे लागतात. चौथे यंत्र ‘काग्रा’ हे जपानमध्ये डोंगराच्या पोटात बांधलेले असून २०२० साली त्याने निरीक्षणास प्रारंभ केला.

पाचवे यंत्र महाराष्ट्रात व्हावयाचे आहे. हिंगोली जिल्ह्यात प्राचीन देवालयासाठी प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथाच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेसाठी जागा निवडण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये भारत सरकारने तिला अंतिम मंजुरी देऊन सुमारे २६०० कोटी रुपयांची तरतूद केली. तिच्याही भुजा चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. हा मान अकस्मात मिळालेला नाही. यंत्रांच्या गोंगाटातून क्षीण लहर कशी निवडून काढावी, याच्या गणिती रीती घडविण्यात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून मोठा वाटा उचलला होता. पहिली लहर सापडण्याची कोणतीच शाश्वती नसताना ते हे काम करीत होते.

हिंगोलीच्या माळरानावरील तो पाचवा साक्षीदार काय साक्ष देईल, हे आज कोणालाच ठाऊक नाही. कदाचित आइन्स्टाइनचे सोने पुन्हा एकदा शुद्ध ठरेल. कदाचित बुधाच्या त्या ४३ विकलांप्रमाणे एखादा सूक्ष्म फरक शिल्लक उरेल, आणि त्यातून नवा सिद्धांत जन्म घेईल. न्यूटनच्या बाबतीत असे घडले, म्हणून त्याची योग्यता कमी झाली नाही. आइन्स्टाइनचीही होणार नाही. खऱ्या सोन्याला कसोटीचे भय नसते, आणि खऱ्या शास्त्रज्ञालाही ते नसते.

शब्दार्थ

मोड – जुना दागिना सोन्याच्या भावाने विकणे. सोयरसुतक नसणे – काही संबंध वा पर्वा नसणे. दुष्कर – करण्यास कठीण. प्रचिती – प्रत्यक्ष अनुभव. निवाडा – निर्णय. दीर्घिका – अब्जावधी ताऱ्यांचा समूह. प्रकाशवर्ष – प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो तेवढे अंतर.

स्वाध्याय

१. बुध ग्रहाने न्यूटनच्या सिद्धांतापुढे कोणती अडचण उभी केली?

२. पटांगणातील रिंगणाचे उदाहरण घेऊन आइन्स्टाइनला मान्य असलेली दोन रूपे आणि श्वसनरूप यांतील फरक सांगा.

३. लायगोच्या दोन यंत्रांच्या भुजा जवळजवळ एकाच दिशांनी का वळविल्या होत्या? त्यामुळे कोणता लाभ झाला आणि काय कळेनासे झाले?

४. ‘गप्प राहिलेल्या तिसऱ्याची साक्षही मोलाची ठरली,’ हे विधान स्पष्ट करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कसाला उतरणे, लांबणीवर पडणे, निकालात काढणे.

६. एक दोरी खुंटीला बांधून तिच्यात वर-खाली आणि डावी-उजवीकडे डोलणाऱ्या लाटा उत्पन्न करा. पाहिलेल्या फरकाचे आठ-दहा ओळींत वर्णन लिहा.